मागचा स्टॅबिलायझर बार काढताय? थोडं थांबा

भाऊ, थारचा मागचा बार, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडून वळणावर गाडीचा झोक आवरणारा दांडा, काढला की नाल्यात चाक जास्त खाली सुटतं, जमीन सोडत नाही. पण मांजरसुंब्याच्या घाटात वळणावर गाडी आधीपेक्षा झुकणार, हे धरूनच चाला.

- गाडी सपाट जागी, चाकांना दगड. नवखे एकच चाक जॅकवर उचलतात. बारला पीळ बसतो, बोल्ट हलत नाही, सुटलाच तर बार हातावर येतो.
- आपली काळी माती नटात सिमेंटसारखी बसते. तारेच्या ब्रशनं खरवडा, रात्रभर तेल मुरू द्या. मी घाई केली अन् बोल्टच मोडला.
- आधी दोन्ही लिंक (बारच्या टोकांच्या छोट्या दांड्या) सोडा, मग ब्रॅकेट (बार धरून ठेवणाऱ्या पट्ट्या).

पुढच्या बारला सध्या हात नको. पहिले काही दिवस हायवेला हळूच. सगळे बोल्ट एका डब्यात ठेवा, परत लावावासा वाटेलही.