पहाटेची प्रार्थना आणि पलीकडच्या खोलीतला खोकला

ईस्टरआधीचा उपवासकाळ तोंडावर आला की समुपदेशक म्हणून मला येणाऱ्या फोनचा सूर ओळखीचा असतो. "मॅडम, नोकरी, मुलं, लोकलचा प्रवास, ह्या सगळ्यात प्रभूसाठी वेळच उरत नाही. माझी भक्ती अर्धवट आहे असं वाटतं." फोन कळव्याहून येतो, ऐरोलीहून येतो, घोडबंदर रोडच्या टॉवरमधून येतो. मराठी मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या बायका असतात, मिस्सा (रविवारची उपासना) न चुकवणारी कॅथलिक कुटुंबं असतात, आणि हल्ली आयटी पार्कात शिफ्ट करणारे तरुणही असतात. रविवारी 'पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने, पूर्ण शक्तीने' हे शब्द कानावर पडले की त्यांच्या पोटात गोळा येतो. आपण देवाला दिवसातली पंधरा मिनिटं देतो, तीही झोपेच्या गुंगीत, हा हिशेब डोक्यात सुरू होतो.

त्यांना बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळालेला असतो: लवकर उठा. मला तो सल्ला पुरेसा वाटत नाही. का, ते एका सिस्टरच्या गोष्टीवरून सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सिस्टर म्हणजे हॉस्पिटलातल्या सिस्टर. चाळिशी ओलांडलेल्या, घणसोलीला राहणाऱ्या, ठाण्यात नोकरी करणाऱ्या. माहेर नगर जिल्ह्यातलं, दोन पिढ्या शाळामास्तर आणि नर्सबाई असलेलं जुनं ख्रिस्ती घर. पहिल्याच भेटीत त्यांनी पर्समधून एक लांबट वही काढून माझ्यापुढे ठेवली. पट्टीने आखलेले रकाने: तारीख, उठण्याची वेळ, अध्याय, उपवास. जे चुकलं ते लाल शाईने. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, 1189 अध्याय आहेत. ते वर्षात पुरे करायचे तर रोज तीनहून थोडे जास्तच वाचावे लागतात. नाइट ड्यूटीचा आठवडा आला की लाल शाईची रांग लागायची, आणि सुट्टीच्या दिवशी त्या एका बैठकीत वीस-वीस अध्याय वाचून ती रांग भरून काढायच्या. कर्ज फेडावं तसं.

"मला टाइमटेबल बसवून द्या," त्या म्हणाल्या.

"टाइमटेबल तर आहे तुमच्याकडे. चांगलं आहे."

"पण मन लागत नाही ना. उठते, बसते, वाचते. आत काही पोचतच नाही. प्रभू माझ्यावर नाराज आहे का?"

इथे चुकलेल्या वेळेवर बोलत बसणं सोपं असतं. माझी वाट कार्ल रॉजर्सची आहे. हा माणूस मानसशास्त्राकडे वळण्याआधी न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दोन वर्षं शिकला होता, हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटतं. समोरच्याला आपलंच बोलणं नीट ऐकू येईल इतकी जागा करून द्यायची, उत्तर त्याच्यापाशीच असतं, हा त्याचा विश्वास. म्हणून मी विचारलं, "शेवटची प्रार्थना कधी केलीत?"

"आज पहाटे."

"ती मला सांगा. काय मागितलंत ते राहू द्या. तिथे काय काय होतं, कसकसं झालं, ते सांगा."

त्या सांगू लागल्या. साडेचारचा गजर. मिस्टर आणि मुलगा आतल्या खोलीत झोपलेले, सासूबाई हॉलमध्ये दिवाणावर. ह्या स्वयंपाकघरात चटई टाकतात, ओट्याला पाठ टेकून बसतात, सरकतं दार लावून घेतात. चष्मा, शास्त्र, वही. आधी एक भजन, अगदी हळू. मग वाचन. मग गुडघ्यावर प्रार्थना.

"मग आईंचा खोकला सुरू होतो."

"मग?"

"मग मी आवाज वाढवते."

"कशाचा?"

"प्रार्थनेचा."

आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेलं मला दिसलं. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने घाई केली की हाती आलेलं निसटतं. बऱ्याच वेळाने मी एवढंच विचारलं, "वॉर्डात पहाटे असा खोकला ऐकू आला तर?"

उत्तर सवयीने आलं. "उठवून बसवीन. पाठीला उशी देईन. कोमट पाणी. किती दिवसांचा आहे विचारीन. दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर थुंकी तपासायला..."

तिथेच त्या थांबल्या. मग खाली बघत म्हणाल्या, "घरी किती दिवसांचा आहे, मी मोजलेलंच नाही."

इतक्या वर्षांच्या कामात ज्या क्षणांसाठी मी ही खुर्ची धरून बसले आहे, त्यांपैकी हा एक. सहा-सात बैठकांत मिळून जे उलगडलं त्याचं बीज ह्या एका वाक्यात होतं. वेळ कमी पडतो म्हणून ही बाई कोरडी पडलेली नव्हती. मन पुरं देता येत नव्हतं, कारण मनाचा एक तुकडा हॉलमधल्या दिवाणाशी अडकलेला होता आणि त्याच्याकडे बघायचं नाही म्हणून दार सरकवलेलं होतं. वहीतला हिशेब जितका कडक, तितकं त्या तुकड्याकडे बघणं टळत होतं.

तो तुकडा काय होता, ते पुढच्या काही भेटींत आलं. मुलगा दीड वर्षाचा असताना एका रात्री तापाने फणफणला. सिस्टर नाइटला होत्या. सकाळी युनिफॉर्मवरच घरात शिरल्या तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "तू नर्स होशील, आई नाही व्हायचीस." एवढंच. भांडण नाही, आरडाओरडा नाही. सिस्टरनी हे नवऱ्याला सांगितलं नाही, पाळकसाहेबांना सांगितलं नाही. त्यानंतर सासूबाईंचं सगळं करत आल्या: औषधं, डबा, अंघोळीचं पाणी. हाताने केलं. पण स्वतःहून दिवाणावर जाऊन दोन मिनिटं बसल्या असतील असं त्यांना आठवेना.

"मी मार्था आहे, मॅडम," एकदा त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "भगिनी मंडळात सांगतात ना, मार्था होऊ नका, मरीया व्हा."

लूकच्या शुभवर्तमानात येशू ह्या दोन बहिणींच्या घरी येतो; मार्था पाहुणचारात गुंतते, मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसते. मी त्यांना लूकचा दहावा अध्याय काढून चाळिसावं वचन मोठ्याने वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं. मी विचारलं, "मार्थेची तक्रार कशाबद्दल आहे?"

"काम फार आहे म्हणून."

"पुन्हा वाचा."

पुन्हा वाचून त्या हळूच म्हणाल्या, "बहिणीबद्दल. बहीण मला एकटीला टाकून बसली आहे, ह्याबद्दल."

मार्थेच्या गोष्टीवर मी खूप प्रवचनं ऐकली आहेत, आणि बहुतेकांत भांडीकुंडी विरुद्ध प्रार्थना असा सामना लावलेला असतो. मजकूर तसं म्हणत नाही. मार्था मरीयेशी बोलतच नाही. बहीण समोर बसलेली असताना ती तिची तक्रार प्रभूकडे करते. प्रभूही तिला स्वयंपाक सोड म्हणत नाही. तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी करतेस, दगदग करतेस, एवढं म्हणतो. आणि योहानाच्या बाराव्या अध्यायात बेथानीला पुन्हा पंगत बसते तेव्हा मार्था काय करत असते? वाढतच असते. काम तेच आहे, तक्रार मात्र नाही. मार्थेकडे असं बघायला मला कुठल्या टीकाग्रंथाने शिकवलं नाही. माझ्यासमोर बसून जावा, नणंदा, सासवांविषयी बोलणाऱ्या बायकांनी शिकवलं, आणि त्याचं मला समाधान आहे.

सिस्टरना मी क्षमा करा असं सांगितलं नाही. क्षमा हुकमाने होत नाही. हुकमाने केलेली क्षमा म्हणजे आणखी एक रकाना. आम्ही ठरवलं ते अगदी बारीक होतं. पहाटे दार लावायचं नाही. खोकला आला तर प्रार्थना जिथे असेल तिथून उठायचं, पाणी द्यायचं, परत येऊन तिथूनच पुढे. पाणी देणं हा प्रार्थनेत आलेला व्यत्यय धरायचा नाही, तिचाच भाग धरायचा.

पहिल्या आठवड्यात त्या चिडूनच आल्या. "आईंनी विचारलं, आज काय झालंय तुला? जणू मी काही गुन्हा केलाय." पुढच्या भेटीत म्हणाल्या, पाणी देताना पाठीवर हात ठेवला तेव्हा छातीत घरघर लागली हाताला. रजा टाकून त्यांनी सासूबाईंना तपासायला नेलं. थुंकी तपासली, एक्स-रे काढला. टीबी नव्हता, दमा निघाला. पंप सुरू झाला.

सासूबाईंच्या त्या जुन्या वाक्याबद्दल बोलायला मात्र वेळ लागला. एका दुपारी भाजी निवडता निवडता सिस्टरनी विषय काढला. सासूबाईंनी माफी मागितली नाही. म्हणाल्या, "म्हटलं असेन. तू निघून जायचीस. पोर तापलेलं, बाबा कामावर, मला काही सुचायचं नाही." हे सांगताना सिस्टर माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मॅडम, त्या रात्री त्या एकट्या होत्या हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही." पुढे त्यांनी आपणहून सांगितलं की प्रभूच्या प्रार्थनेतली, क्षमेबद्दलची 'आमच्या ऋण्यांस' ही ओळ आता घशात अडकत नाही. ती अडकत होती हे तोवर त्या मला कधी बोलल्या नव्हत्या.

आता थोडं ह्याच काळजीने त्रासलेल्या वाचकांशी.

पूर्ण मनाने भक्ती म्हणजे दिवसातले जास्तीत जास्त तास, असं शास्त्र कुठे म्हणत नाही. उलट मार्कच्या सातव्या अध्यायात येशू 'कुर्बान'चा विषय काढतो. आईबापांना द्यायचं ते देवाला अर्पण केलं आहे असं म्हणून हात झटकणाऱ्यांना तो खडसावतो. देवाच्या नावाने माणूस टाळता येतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तर अर्पण वेदीपुढे तसंच ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असं सांगितलं आहे. आपल्या मातीतलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशन आश्रमात 1905 साली प्रार्थनेची जी लाट आली ती जगभर ऐकली गेली; पण ती आली ती दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींना जेवू घालणाऱ्या, शिकवणाऱ्या, हातात काम देणाऱ्या घरात. रमाबाईंनी केलेलं शास्त्राचं मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात छापलं गेलं. प्रार्थना कुठे संपते आणि काम कुठे सुरू होतं, ह्याची रेघ त्या घरात कोणी ओढली असेल असं मला वाटत नाही.

पण माझ्याकडून एक इशाराही घ्या. जिथे मारहाण आहे, दारू आहे, छळ आहे, तिथे 'दार उघडं ठेवा' हा सल्ला लागू नाही. तिथे आधी सुरक्षित जागा आणि मदत. क्षमेचा विचार नंतर, आणि क्षमा केली तरी त्या माणसाच्या हाताच्या टप्प्यात राहिलंच पाहिजे असं नाही.

दुसरं, काहींची काळजी वेगळ्या जातीची असते. तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा, एक शब्द चुकला म्हणून सुरुवातीपासून. तेच पाप दर आठवड्याला फादरपुढे, तरी धास्ती जात नाही. संत इग्नेशियस लोयोला 1522 साली स्पेनमधल्या मनरेसात ह्याच यातनेतून गेले, आणि जुनी पापं पुन्हा पुन्हा कबूल करणं थांबवायचं ठरवलं तेव्हाच त्यांना मोकळं वाटलं. आज ह्यावर चांगले उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात विश्वासाची उणीव नाही.

तिसरं, झोप. नाइट करून आलेल्या बाईला प्रार्थना जमत नसेल तर तिने आधी झोपावं. जुन्या करारातला संदेष्टा एलीया थकून मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, आणि उठवून पुन्हा खायला लावलं. पण झोप, भूक आणि उत्साह दोन आठवड्यांहून जास्त हरवलेला असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

सिस्टरच्या मिस्टरांनी शेवटच्या भेटीत मला विचारलं, "म्हणजे पहाटे उठायची गरज नाही, असंच ना?" गरज आहे. सिस्टर आजही डे ड्यूटी असली की साडेचारला उठतात, उपवासकाळात शुक्रवारचा उपवासही करतात. येशूही पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात गेला, असं मार्क पहिल्याच अध्यायात लिहितो. लगेच पुढे शिमोन आणि सोबती त्याला शोधत येतात, सगळे तुला शोधताहेत म्हणतात, आणि तो उठून गावोगावी निघतो. म्हणून आता कोणी टाइमटेबल मागितलं की मी आधी विचारते, तुमच्या प्रार्थनेच्या वेळी घरात कोण कोण जागं असतं? नावं सांगायला सांगते. एखादं नाव घेताना आवाज बदलतो. पहिली बैठक आम्ही त्या नावापासून सुरू करतो.