घाटात लोड असताना पिकअप ताकद सोडते, स्कॅनरवर पी ००८७ येतो. मेकॅनिक म्हणतो हाय प्रेशर पंप गेला. बदलू का? रेल प्रेशर किती असायला हवं?

पंपाला हात लावू देऊ नका. खाली लिहितोय ते आकडे हातात येईपर्यंत तरी नाहीच.

पी ००८७ म्हणजे ‘पंप गेला’ नव्हे. ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) मागितलं तेवढं प्रेशर रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत, झालं नाही, एवढंच तो कोड सांगतो. का झालं नाही, ते शोधायचे पैसे मेकॅनिक घेतो. कोड वाचून थेट पंपाचं बिल फाडणारा माणूस स्कॅनर वापरत नाही, स्कॅनर त्याला वापरतो.

आकडे विचारलेत, तर घ्या. बीएस ३-बीएस ४ काळातल्या कॉमन रेल पिकअपला गरम इंजिनावर आयडलला साधारण २५० ते ३५० बार, पूर्ण लोडवर १,४०० ते १,६००. सेल्फ मारताना दीडशे-दोनशे बार झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) उघडतच नाही. पण नुसतं ‘किती आहे’ बघून काही हाती लागत नाही. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात तीन ओळी शेजारी लावा: मागितलेलं प्रेशर, मिळालेलं प्रेशर आणि पंपावरच्या मीटरिंग व्हॉल्व्हची (पंपात किती डिझेल सोडायचं ते ठरवणाऱ्या) कमांड. आणि गाडी उभी करून रेस मारू नका, लोड घेऊन चढावर न्या.

रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या घेऊन आंबा घाट चढणाऱ्या एका पिकअपचं दुखणं अगदी तुमच्यासारखंच होतं. पंप एका ठिकाणी आधीच बदलून झाला होता, तरी साखरपा सोडून चढण लागली की गाडी मान टाकायची. आयडलला मागणी २८०, मिळकत २८०. तिसऱ्या गिअरला पूर्ण रेस दिली की मागणी १,३५०. काही सेकंद तेवढं मिळायचं, मग घसरत ९००, आणि लाइट. त्याच वेळी मीटरिंग व्हॉल्व्हचा करंट तळाला गेलेला. बॉशच्या बहुतेक पंपांवर हा व्हॉल्व्ह करंट नसताना उघडा असतो, म्हणजे करंट कमी तेवढं डिझेल जास्त. दार सताड उघडं, तरी प्रेशर टिकत नाही. मग दोनच शक्यता: आत पुरेसं येत नाही, किंवा आलेलं कुठून तरी निसटतंय. पंप संशयितांच्या यादीत आहे, पण शेवटी.

त्या गाडीला टाकीत मोटर नव्हती, पंपाच्या मागचा गिअर पंपच डिझेल ओढायचा. म्हणून पंपाच्या इनलेटला टी आकाराचा जोड टाकून व्हॅक्यूम गेज लावला. इंजिन गार असताना २,५०० आरपीएमला ओढ ०.२ बार, घाट चढून आल्यावर त्याच आरपीएमला ०.५. (०.३च्या वर गेलं की मी पुढे शोधायला लागतो.) गेज फिल्टरच्या आधी लावला तरी ०.५च. म्हणजे फिल्टर निर्दोष, चोर टाकी आणि फिल्टरच्या मध्ये. चेसिसवरून वळणारी हातभर रबरी नळी कोणीतरी बदलली होती, आणि ती डिझेलची नव्हती. गार असताना बोटांनी दाबली तर कडक, घाटानंतर सायकलच्या ट्यूबसारखी लुसलुशीत. रेस धरली की वळणापाशी चपटी, सोडली की परत गोल. उभ्या गाडीवर सगळं छान दिसायचं, कारण बिनलोडच्या इंजिनाला डिझेल लागतंच किती! नळी बदलली, १,३५० मागितले तर १,३५० मिळाले. नव्या पंपाचे पैसे मालकाला कोण परत देणार?

गेज नसेल तर फिल्टरच्या इनलेटला पारदर्शक नळी जोडून पाच लिटरच्या कॅनमधून डिझेल पाजा. रिटर्नही (जादा डिझेल टाकीत परत नेणारी नळी) त्याच कॅनमध्ये सोडा, नाहीतर कॅन बघता बघता रिकामा होतो. कॅन केबिनमध्ये ठेवू नका, बाहेर घट्ट बांधा. कॅनवर गाडी चढली तर दोष टाकीच्या बाजूला. नळीत बुडबुडे दिसले तर फिल्टरच्या आधी कुठेतरी एअर धरतेय.

इथे काही सापडलं नाही तर रिटर्न टेस्ट. सगळ्या इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या सारख्या बाटल्यांत सोडून गरम इंजिन पाच मिनिटं आयडलला ठेवा. एक बाटली इतरांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर तो इंजेक्टर काढा. सकाळी गार इंजिनावर केलेली रिटर्न टेस्ट मी मोजतच नाही. गरम डिझेल पातळ होतं, गळती तेव्हाच उघडी पडते. ‘सकाळी एका सेल्फला, दुपारी दहा सेल्फला’ हे लक्षण बहुतेक वेळा इथलंच.

चालू इंजिनावर नट सैल करून ‘डिझेल येतंय का बघ’ ही कॉमन रेलच्या आधीच्या, इनलाइन पंपाच्या जमान्यातली सवय. कॉमन रेलवर ती कोणी करू लागला तर गाडी परत घेऊन या. हजार बारची धार कातडीत शिरते, वरून जखम टाचणीएवढी दिसते आणि हाताचं ऑपरेशन करावं लागतं. ‘आम्ही वीस वर्षं असंच करतो’ हे उत्तर मी पुष्कळदा ऐकलंय. इनलाइनवर वीस वर्षं, रेलवर नव्हे.

आता राहिलेलं. तुमच्या टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर ओढ नाही, दाब मोजावा लागेल, आणि तो आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच धरा. बीएस ६ला वरचा आकडा जास्त असतो. डेन्सोच्या काही पंपांवर व्हॉल्व्हची चाल उलटी असते, तेव्हा करंटचा अर्थ लावताना जपून. सगळ्याच्या आधी रात्रभर उभ्या गाडीची चावी ऑन करून, सेल्फ न मारता, रेल प्रेशरचा सेन्सर बघा: शून्याच्या जवळ, सिग्नल वायरला साधारण ०.५ व्होल्ट. तिथेच चाळीस-पन्नास बार दाखवत असेल तर पुढचे सगळे आकडे खोटे.

आणि मीटरिंग व्हॉल्व्ह काढल्यावर त्याच्या जाळीवर धातूची चमकी दिसली, तर मेकॅनिक बरोबर आहे, पंप गेलाय. पण मग नुसता पंप टाकून चालणार नाही. टाकी, रेल, पाइप साफ करून आणि इंजेक्टर तपासून घ्या, नाहीतर तीच चमकी नव्या पंपासकट सगळं खाईल.