गाडी उंच करायला लिफ्ट किट टाकलंस ना, मग आधी ब्रेकची होज (चाकाकडे जाणारा लवचिक रबरी पाइप) बघ
भावा, ब्रेकची होज जुन्याच लांबीची असेल तर गाडी चेसिसला, म्हणजे सांगाड्याला, जॅक लावून उचल, चाकं पूर्ण खाली लटकू दे आणि स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून बघ, होज ताणली किंवा टायरला घासली तर ट्रेलला, म्हणजे कच्च्या खडबडीत वाटेवर, जाऊच नकोस. दुसरं म्हणजे ब्रेक लाइन (ब्रेक ऑइलचा धातूचा पाइप) बांधायला लावलेले प्लास्टिकचे झिप टाय. त्यात चिखल बसतो आणि पॉलिश पेपरसारखा पाइप खात राहतो, माझ्या जीपची ब्रेक लाइन अशीच झिजून चकचकीत झाली होती, नखाला खाच लागत होती. रबरवाले क्लॅम्प लाव. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाक, सकाळी चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर बुळबुळीत डाग दिसला की ब्रेक ऑइल समज. गळक्या लाइनला टेप गुंडाळून चालवू नकोस प्लीज, लाइन बदलच.