केली आडनावाचे मूळ शोधताना

आपले पूर्वज केली होते एवढ्याच आधारावर आयर्लंडमधील गॉलवेच्या केली सरदारांशी नाते जोडण्याची घाई कृपया करू नये. केल्लाख हे जुन्या आयर्लंडमध्ये रूढ असलेले पुरुषाचे नाव होते आणि त्या नावाच्या वेगवेगळ्या पुरुषांचे वंशज आपापल्या प्रदेशात 'ओ केली' (म्हणजे 'केल्लाखचे वंशज') म्हणवू लागल्याने परस्परांशी संबंध नसलेली अनेक केली घराणी निर्माण झाली. त्यांपैकी आजच्या गॉलवे व रॉसकॉमन परगण्यांतील घराणे सर्वांत बलाढ्य, आणि म्हणूनच प्रत्येकाला हवेहवेसे वाटणारे.

त्यामुळे आधी पूर्वजांचे गाव निश्चित करा. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेच्या नोंदी मोफत पाहता येतात. त्यापूर्वीच्या बहुतेक नष्ट झाल्या, काही १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स संकुलातील आगीत, तर काही त्याआधी सरकारच्याच आदेशाने. ही उणीव काही अंशी ग्रिफिथचे मूल्यांकन, म्हणजे करआकारणीसाठी केलेली आयर्लंडमधील जमीन व घरांची पाहणी (१८४७ ते १८६४), भरून काढते, परंतु त्यात जमीन किंवा घर ताब्यात असलेल्या व्यक्तीचेच नाव असल्याने, कुटुंबातील इतरांसाठी कॅथलिक पॅरिशच्या (चर्चच्या स्थानिक विभागाच्या) बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदी ताडून पाहाव्या लागतात. दुकानांत मिळणाऱ्या 'केली घराण्याच्या' मानचिन्हांना (ढालीच्या आकाराच्या कुलचिन्हांना) पुरावा मानू नका, कारण मानचिन्ह आडनावाला नव्हे, तर विशिष्ट व्यक्तीला व तिच्या वंशजांना दिलेले असते. नोंदींत 'ओ' आढळला नाही तरी शोध थांबवू नका. इंग्रजी अमलात तो अनेकांच्या नावांतून गळला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काही कुटुंबांनी तो पुन्हा लावला.