थायरॉईडची गोळी चालू आहे, तरी छातीत धडधड का?

प्रश्न: माझी आई ६४ वर्षांची आहे, १२ वर्षं थायरॉक्सिनची गोळी घेतेय. दोन महिन्यांपासून रात्री छातीत धडधडतं, हात थरथरतात, वजनही उतरलंय. टीएसएच ०.०५ आलाय. शेजारच्या काकू म्हणतात कमी आला म्हणजे चांगलंच की. गोळी बंद करू का?

उत्तर: ताई, स्वतःहून बंद नका करू, पण गप्पही बसू नका, एक-दोन दिवसांत रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. टीएसएच म्हणजे मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून थायरॉईडला जाणारा हुकूम, अंगात हार्मोन जास्त झालं की तो हुकूम कमी होतो, म्हणजे आईला बहुतेक डोस जास्त होतोय. अशा वेळी हृदय झोपेतही पळत राहतं आणि साठीनंतर त्यातून एट्रियल फिब्रिलेशन होऊ शकतं, ठोक्यांचा ताल बिघडतो, हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत गेली तर पॅरालिसिसची भीती असते. म्हणून ईसीजी काढाच. घरी आईच्या मनगटावर तीन बोटं ठेवा, पूर्ण १ मिनिट नाडी मोजा, १०० च्या वर किंवा मधेच चुकल्यासारखी लागली तर वहीत लिहा. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली तर मात्र वाट न बघता थेट हॉस्पिटल. डोस बदलला की ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच परत करायचा. आणि घाबरून गोळी सोडली तर उलटं होतं, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, नाडी मंदावते, तेही हृदयाला जडच जातं.