फाटक्या पंखाचे फोटो डिलीट करू नकोस

पोरी,

त्या राणी पाकोळी फुलपाखराचे मागचे पंख फाटके निघाले म्हणून एक सोडून सगळे फोटो डिलीट केलेस, वाचून जीव हळहळला बघ. उरलेला फोटो मी झूम करून पाहिला. दोन्हीकडचा तुकडा अगदी सारखाच गेलाय, कागद दुमडून कात्री मारावी तसा, म्हणजे पंख मिटून बसली असताना पक्ष्याने चोच मारली असणार आणि ती निसटली. काट्याकुट्यात फाटलं असतं तर डावं-उजवं एवढं जुळलं नसतं.

फेव्हिक्विकने चिकटवू का म्हणतेस, तर नको गं. पंख भरून येत नाही हे खरं, कोषातून बाहेर आल्यावर एकदा पसरून वाळला की तोच शेवटपर्यंत. पण ती उडत होती ना, फुलावर बसत होती ना, मग धरून पंखावरचे उरलेले बारीक, पुडीसारखे खवले कशाला घालवायचे? २००८ सालच्या एका अभ्यासात फुलपाखरांचे नि पतंगांचे मागचे पंख पूर्ण काढून पाहिले, तरी ती उडाली! फक्त वेग कमी झाला आणि गर्रकन वळणं जमेना, आणि पक्ष्याला चकवायचं तर नेमकं तेच लागतं. म्हणजे तुझी राणी उडेल, पण पुढची चोच चुकवणं जड जाणार तिला.

फळमाशीचं मला फार कौतुक वाटतं. २०१७ च्या प्रयोगात एकाच बाजूचा पंख थोडा कापला तर माशी त्या बाजूला अंग कलवते, दोन्ही पंख जास्त वेगाने मारते, आणि वेग वाढून तोल अजून बिघडू नये म्हणून तुटका पंख लांबवर फिरवते नि धड पंख आवरून धरते, एवढासा जीव नि केवढा हिशोब. चतुराला मात्र पुरतं सावरता येत नाही, पंख कमी झाला की शिकार हुकायला लागते.

आता पुढच्या वेळी अशी कोणी दिसली की मोबाईलवर स्लो-मोशन लाव, शक्यतो पाठीमागून घे, अंग एकीकडे झुकतंय का बघ. आणि चीर कुठे थांबलीय तेही, कारण टोळाच्या पंखावर मोजलंय की आडव्या शिरा चीर अडवतात, त्यांच्यामुळे पंख सुमारे ५० टक्के जास्त चिवट होतो.

तो फोटो ठेव. जागा, वेळ, कुठलं फूल, आज रात्रीच वहीत लिही, उद्या आठवणार नाही.