सुरू सूचिपर्णी आहे का?

खानापूरहून आलेला प्रश्न असा: मुलाच्या भूगोलात हिमालयातली ‘सूचिपर्णी वने’ आहेत. त्याने शाळेमागची सुरूची झाडं दाखवून ‘ही सूचिपर्णीच की!’ म्हटलं. ते बरोबर आहे का? कॉनिफरला मराठीत सूचिपर्णी म्हणावं की शंकुधारी? आणि घरच्या कुंडीतल्या ख्रिसमस ट्रीचा शेंडा छाटला तर चालेल का?

मुलाची नजर चांगली आहे, पण उत्तर ‘नाही’ असंच द्यावं लागतं. सुरूची एक हिरवी काडी घ्या आणि दोन्ही टोकांना धरून हळूच ओढा. ती पेरापेरांतून सुटते. आपण जिला सुई समजतो ती पेरं असलेली बारीक डहाळी आहे. खरी पानं म्हणजे प्रत्येक पेरावर कडं करून बसलेले इवलेसे दाते. भिंगाखाली ते नीट दिसतात. झाडाखाली सापडणारं खरखरीत बोंडही शंकू नव्हे, मादी फुलांच्या गुच्छापासून झालेलं ते फळ आहे. म्हणजे सुरू सपुष्प वनस्पतींतला, आंब्या-फणसाच्या बाजूचा. शंकुधारी झाडांना फूलही नाही आणि फळही नाही. त्यांचं बी शंकूच्या खवल्यावर उघडंच असतं. म्हणून त्या वर्गाला प्रकटबीज म्हणतात.

गंमत अशी की नाव मात्र खऱ्या शंकुधारी झाडाचं आहे. फारसीत ‘सर्व’ म्हणजे सायप्रस. मराठीत त्याचं सरू, सुरू झालं आणि दिसण्यातल्या साम्यामुळे ते आग्नेय आशिया-ऑस्ट्रेलियाकडच्या या झाडाला चिकटलं. आपल्या भागात कानडीतलं ‘सर्वे मर’ही कानावर पडतं, त्यातही तोच शब्द डोकावतो. कानडीतलं दुसरं नाव ‘गाळी मर’, वाऱ्याचं झाड, मला जास्त आवडतं. सुरूच्या रांगेखाली उभं राहून वारा ऐकला की ते नाव का पडलं हे सांगावं लागत नाही.

आता शब्दांचं. सूचिपर्णी हे पानाचं वर्णन, शंकुधारी ही झाडाच्या कुळाची ओळख. वनांबद्दल बोलताना सूचिपर्णी योग्यच आहे, कारण हिमालयातल्या त्या पट्ट्यात चीड, कैल, देवदार अशी सुयांची झाडंच जास्त. पण कॉनिफर या अर्थी मी शंकुधारी वापरीन. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत शंकुमंतही आढळतो. सूचिपर्णी का नको, याचं कारण बेळगावातच दिसेल. कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांच्या आवारात किंवा कुठल्याही नर्सरीत मोरपंखी बघा. पानं खवल्यांसारखी, चपटी, सुई एकही नाही. तरी ती अस्सल शंकुधारी. तिची निळसर, शिंगं फुटल्यासारखी बोंडं हेच तिचे शंकू. पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडे, केरळ-तामिळनाडूच्या डोंगरांत, नागेया वालिचियाना हे देशी शंकुधारी झाड आहे आणि त्याची पानं चक्क रुंद असतात. ‘सदाहरित’ हाही पर्याय नव्हे: सैबेरियातला लार्च शंकुधारी असून हिवाळ्यात पूर्ण निष्पर्ण होतो.

शिमला-मनालीहून देवदाराचं रोप आणावं का, असं पुष्कळ जण विचारतात. आणू नये. देवदार साधारण १५०० मीटरच्या वरचा, थंडी आणि बर्फ मागणारा. बेळगाव ७५० मीटरच्या आसपास, आणि खानापूर-जांबोटीकडचा पाऊस मुळांना कुजवायला पुरेसा. शिवाय पाइनसारख्या झाडांना मुळांशी ठरावीक बुरशीची साथ लागते. नव्या प्रदेशांत पाइनच्या लागवडी फसल्या, तेव्हा जुन्या पाइनखालची माती आणून घातल्यावर रोपं तगली, असा अनुभव अनेक देशांत आला आहे.

तुमचं कुंडीतलं झाड बहुधा अरॉकेरिया असेल: खोडाभोवती चक्राकार, एकावर एक मजले चढवल्यासारख्या फांद्या. तोही खरा शंकुधारी, पण पाइनच्या कुळातला नव्हे, मूळचा दक्षिण पॅसिफिकच्या बेटांवरचा. त्याचा शेंडा छाटू नका. छाटला तर मूळचा सरळ डौल परत येत नाही. खालच्या फांद्या एकदा गळल्या की त्या जागी नव्या फुटत नाहीत, म्हणून घरात अंधाऱ्या कोपऱ्यात न ठेवता भरपूर उजेडात ठेवा. लाल माती एकटी घालू नका, ती पावसात घट्ट बसते; वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा, कुंडीचं भोक मोकळं आहे ना ते जूनआधीच तपासा. छाटायची हौस असेल तर ती मोरपंखीवर भागवा, पण हिरव्या भागापर्यंतच. आतल्या सुक्या, पानं नसलेल्या लाकडापर्यंत कापलं तर तिथून फूट येत नाही, भगदाड तसंच राहतं.